जखमेवरची पट्टी आणि डोळ्यांवरची पट्टी

बारामतीच्या उसाचे नाव आता जगाच्या बाजारपेठेत घेतले जाऊ लागले आहे. येथील अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ऊस पिकविण्याचे प्रयोग केले आणि जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्य नाडेला यांनी त्यांचा जाहीर गौरवाने उल्लेख केला. त्याचा अभिमान बाळगण्यात काहीच गैर नाही. परंतु ज्या भूमीला नव्या यंत्राचे कौतुक असते, त्या भूमीत यंत्राचे विक्रेतेही लवकर पोहोचतात. उसाला यंत्राची बुद्धी मिळाली, आता माणसाच्या देहामनालाही यंत्राचे औषध द्या, असा आग्रह धरणारा एक नवा संप्रदाय जगभर उदयास आला आहे. डोळ्यांवर पेटीवजा चष्मा बांधावयाचा, कानांत ध्वनी सोडावयाचा आणि माणसाला त्याच्या भोवतालच्या जगातून उचलून एका आभासी विश्वात नेऊन ठेवावयाचे. तेथे हिमाच्छादित दऱ्या आहेत, शांत सरोवरे आहेत, निळे समुद्रकिनारे आहेत. वेदना विसरा, चिंता विसरा, निद्रानाश विसरा, एकटेपणा विसरा! हा चष्मा बारामती-इंदापूरच्या रुग्णालयांच्या आणि कारखान्यांच्या दारी येण्याआधीच दोन प्रश्न खणखणीतपणे विचारून ठेवले पाहिजेत. हा विसर कोणाच्या सोयीचा? आणि चष्मा उतरविल्यावर काय?

प्रश्न विचारणे म्हणजे विज्ञानाला विरोध करणे नव्हे. आमच्या काही मित्रांना यंत्र म्हटले की त्याचा विटाळ होतो. त्या पंथाचे आम्ही नाही. या उपचारामागे गंभीर संशोधन आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत भाजलेल्या रुग्णांसाठी एक आभासी बर्फाळ दरी निर्माण केली. भाजलेल्या जखमेचे ड्रेसिंग बदलताना होणाऱ्या यातना भोगल्यावाचून कळत नाहीत. वेदनाशामक औषधांनीही त्या पुरत्या शमत नाहीत. अशा वेळी रुग्णाला त्या दरीत नेऊन हिममानवांवर आणि पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकावयास लावले, तर त्याच्या वेदना लक्षणीय प्रमाणात कमी होतात, असे आढळून आले. कारण सोपे आहे. वेदना माणसाचे अवधान मागते, आणि अवधान ही मर्यादित शक्ती आहे. ते दुसरीकडे गुंतले की वेदनेच्या वाट्याला कमी येते. उंचीच्या भीतीवर या तंत्राने उपचार करता येतात, हे बार्बरा रॉथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने कंबरेच्या जुनाट दुखण्यावर आठ आठवड्यांच्या अशाच एका उपचाराला मान्यता दिली. या कामाची टिंगल करणे हा करंटेपणा ठरेल. ससून रुग्णालयात किंवा बारामतीच्या शासकीय रुग्णालयात एखाद्या भाजलेल्या मुलाचे रडणे या चष्म्याने अर्धा तास थांबणार असेल, तर तो चष्मा तेथे आजच्या आज आला पाहिजे.

पण येथेच एक भेद लक्षात घ्यावयास हवा. त्या बर्फाळ दरीने जखम बरी होत नाही. जखम बरी होते ती ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेच्या हातांनी, औषधांनी, शस्त्रक्रियेने आणि पोटभर पौष्टिक अन्नाने. दरीचे काम एवढेच, की या खऱ्या उपचाराच्या काळात रुग्णाला धीर मिळावा. जखमेवर पट्टी बांधली जात असताना डोळ्यांवर पट्टी असणे, ही दया आहे. जखमेवर पट्टी न बांधता नुसतीच डोळ्यांवर पट्टी बांधणे, ही फसवणूक आहे. आमचा सारा वाद या एका भेदाचा आहे, आणि बाजार नेमका हाच भेद पुसून टाकू पाहतो आहे.

रुग्णालयातून हे यंत्र बाहेर पडले की त्याची भाषा बदलते. उपचाराच्या जागी ‘वेलनेस’ हा शब्द येतो आणि रुग्णाच्या जागी ग्राहक येतो. मोठमोठ्या कंपन्यांना हे क्षेत्र एकाएकी का आठवले, याचे उत्तर त्यांच्या ताळेबंदात आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक कंपनीने आपले नाव बदलून ‘मेटा’ केले आणि आभासी विश्व हेच मानवजातीचे भवितव्य असल्याची द्वाही फिरविली. या कंपनीच्या संबंधित विभागाला २०२२ साली १३ अब्ज डॉलरहून अधिक आणि २०२३ साली १६ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. एवढे भांडवल ज्या खेळण्यात अडकले आहे, त्या खेळण्याला काही तरी उदात्त प्रयोजन शोधणे मालकांना भागच असते. आजार, एकाकीपणा आणि वार्धक्य यांची बाजारपेठ कधी आटत नाही, हे भांडवलाला आपल्याहून आधी उमगले आहे.

याच तंत्राच्या इतिहासातील आणखी एक उदाहरण बोलके आहे. इराकच्या युद्धावरून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मनावरील आघातांवर उपचार करण्यासाठी ‘व्हर्च्युअल इराक’ नावाचे आभासी विश्व उभारण्यात आले. सैनिकाने चष्मा चढवून पुन्हा त्या रस्त्यावरून जावयाचे, पुन्हा ते स्फोट ऐकावयाचे आणि हळूहळू भीतीवर मात करावयाची. काही सैनिकांना त्याचा लाभही झाला. पण ते युद्ध मुळात कोणी आणि कशासाठी पुकारले, हा प्रश्न त्या चष्म्यातून दिसत नाही. ज्या राज्यसंस्थेने माणसाचे मन मोडले, तीच ते जोडण्याचे यंत्र पुरविते आणि स्वतः मात्र उपचाराच्या कक्षेबाहेर राहते. रोग व्यक्तीच्या डोक्यात आहे, व्यवस्थेत नाही, असे सांगण्याची ही अत्याधुनिक रीत आहे.

आता ही रीत आपल्या मातीत लावून पाहू. बारामती तालुक्यात दोन जगे शेजारीशेजारी नांदतात. १८८५ साली पूर्ण झालेल्या नीरा डाव्या कालव्याने एक बागायती जग घडविले. माळेगाव, सोमेश्वर आणि पुढे इंदापूर तालुक्यातील भवानीनगर येथील साखर कारखाने त्याच पाण्यावर उभे राहिले. दुसरे जग सुपे-मोरगावकडील जिरायती पट्ट्याचे. तेथे पाऊस हुकला की टँकरची वाट पाहावी लागते आणि जनाई-शिरसाई उपसा योजनेचे आवर्तन कधी सुटते, याकडे डोळे लागतात. इंदापुरातही कालव्याच्या शेवटच्या टोकाची गावे पाण्यासाठी वर्षानुवर्षे भांडत आली आहेत. सुप्याच्या शेतकऱ्याला झोप येत नसेल, तर त्याला आभासी सरोवर दाखवावे काय? त्याच्या निद्रानाशाचे औषध पाणी हे आहे, आणि ते काही मैलांवरून वाहते आहे. दुष्काळग्रस्ताला चष्म्यातून पाणी दाखविणे, हा उपचार नसून क्रूर थट्टा आहे.

आणि उसाच्या फडातले तिसरे जग? दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आणि मराठवाड्यातील दुष्काळी भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या या कारखान्यांच्या परिसरात उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. माणूस नव्हे, हत्यार मोजले जाते! बांबू आणि पाचटाच्या किंवा प्लॅस्टिकच्या कोपीत संसार, पहाटे अंधारात फड गाठावयाचा, दिवसभर वाकून तोड, मग डोक्यावर मोळ्या घेऊन ट्रॅक्टर भरावयाचा. एक दिवस पडून राहावे तर खाडा पडतो आणि मजुरी मिळण्याऐवजी कापली जाते. पाळीसाठीही सुट्टी नाही, बाळंतपणासाठीही नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे भीषण प्रकरण उघडकीस आले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या गेल्याचे आढळले. तरुण वयात देहाचा एक अवयव काढून टाकला जातो. त्याच्या मुळाशी खासगी दवाखान्यांची नफेखोरी आहे आणि खाड्याची दहशतही आहे.

या स्त्रीची कंबर दुखते. कंबरदुखीवर आठ आठवड्यांचा आभासी उपचार सिद्ध झाला आहे, असे कोणी म्हणेल. खरे आहे! पण आठ आठवडे रोज काही मिनिटे निवांत बसण्याची मुभा जिला आहे, तिची कंबर मुळात अशी मोडत नाही. तिला हवी आहे आजारपणाची भरपगारी रजा, फडाजवळ पिण्याचे पाणी आणि शौचालय, फिरते प्रसूतिकेंद्र, ओझ्याची मर्यादा आणि उचलीच्या फासातून मुक्तता. हे देण्यास पैसा लागतो आणि तो कारखानदाराच्या व शासनाच्या खिशातून जावा लागतो. त्या मानाने चष्मा फार स्वस्त! उद्या एखाद्या कारखान्याने ‘कामगार कल्याणा’च्या नावाखाली चार चष्मे विकत घेतले, फीत कापली, छायाचित्रे छापून आणली, तर आश्चर्य वाटावयास नको. चार चष्म्यांच्या किमतीत चार हजार कोपींचे प्रश्न डोळ्यांआड जात असतील, तर तो सौदा कोण सोडील?

इंदापूर तालुक्याकडे वळलो की हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. १९८० साली भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले आणि तालुक्यातील कितीतरी गावे पाण्याखाली गेली. जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर पाणी ओसरले की आजही वर येते आणि मग दूरदूरची माणसे ते पाहावयास गर्दी करतात. वृद्धांना त्यांच्या गतकाळाच्या आभासी विश्वात नेले तर त्यांचे औदासीन्य कमी होते, असे या क्षेत्रातले लोक सांगतात. तेव्हा उद्या कोणी कल्पक तंत्रज्ञ जुने पळसदेव चष्म्यात उभे करील, यात अशक्य काही नाही. गावची वेस, मारुतीचा पार, नदीचा घाट. धरणग्रस्त म्हातारा त्या वेशीतून पुन्हा आत जाईल आणि त्याच्या डोळ्यांना पाणी येईल. आम्ही त्या अश्रूंची चेष्टा करणार नाही. परंतु त्याच म्हाताऱ्याने चष्मा उतरवून विचारले, की माझ्या बुडालेल्या जमिनीच्या मोबदल्यात मला काय मिळाले, आणि माझे घर बुडवून साठविलेले पाणी कोणाच्या उसाला गेले, तर त्याला उत्तर देणारा कोणी तेथे असेल काय? स्मृतीचे पुनर्वसन सोपे आहे. माणसांचे पुनर्वसन कठीण आहे. पहिले करून दुसऱ्याची पावती फाडली जाणार असेल, तर त्याला आमचा विरोध आहे.

आणि त्या पाण्याची आजची अवस्था काय आहे? पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महानगरांचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येऊन साचते. उन्हाळ्यात भिगवणच्या परिसरातील पाण्यावर हिरवा तवंग दिसतो. याच जलाशयावर फ्लेमिंगो पाहावयास शहरातून मोटारी येतात. त्याच शहराची घाण काठावरची गावे सोसतात. पुण्याच्या एखाद्या आलिशान ‘वेलनेस’ केंद्रात चष्म्यातून निर्मळ सरोवर पाहून मनःशांती मिळविणाऱ्या नागरिकाचेच मैलापाणी इंदापूरच्या खऱ्या सरोवरात उतरते आहे, हे चित्र आजच्या अर्थव्यवस्थेचे यथार्थ प्रतीक मानावयास हरकत नाही. एकाने खरे पाणी नासवावयाचे आणि आभासी पाण्याने शांत व्हावयाचे. दुसऱ्याने ते नासके पाणी वापरून आजारी पडावयाचे!

यावर सुज्ञ मंडळींचा एक आक्षेप येईल, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. ते म्हणतील, खेड्यात मानसोपचारतज्ज्ञ आहेत कोठे? देशात लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ भरत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. मग माणूस मिळेपर्यंत यंत्राने काम चालविले तर बिघडले कोठे?

बिघडते ते असे, की ‘माणूस मिळेपर्यंत’ हे शब्द लवकरच गळून पडतात. तात्पुरती सोय हीच कायमची व्यवस्था होते. अल्मा-आटा येथे १९७८ साली ‘२००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य’ अशी घोषणा जगातील राष्ट्रांनी केली होती. त्या घोषणेचे काय झाले ते आपण पाहिले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. २०२१-२२ साली तो दोन टक्क्यांच्याही आतच होता. त्याच २०१७ साली झालेल्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. हक्क असतो तो माणसाकडून मिळणाऱ्या सेवेचा. ती सेवा उभी करता येते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. १९७० साली जामखेडसारख्या दुष्काळी भागात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. त्यांनी अल्पशिक्षित, अनेकदा निरक्षर अशा ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले आणि गावांचे आरोग्य पालटून दाखविले. त्यांच्याजवळ चष्मा नव्हता. शेजारणीच्या घरात जाऊन तिच्याजवळ बसण्याची तयारी होती. आज आशा सेविका तेच काम तुटपुंज्या मानधनावर करीत आहेत आणि ते मानधन वाढावे म्हणून त्यांना वारंवार संप करावे लागत आहेत. यंत्रासाठी निधी आहे, पण सेविकेसाठी नाही. याला तंत्रज्ञानाची प्रगती कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. माणसाने दुःखापासून विसावा नेहमीच दुसऱ्या जगात शोधला, असे म्हटले जाईल. दरवर्षी आषाढीला तुकोबांची पालखी याच भूमीतून जाते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या पडतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला अश्व धावतो, इंदापुरात पुन्हा रिंगण रंगते. तेही एक विश्वच नव्हे काय, की ज्यात माणूस देहभान विसरून बुडून जातो?

होय, बुडून जातो, पण कसा? स्वतःच्या पायांनी चालत, खऱ्या चिखलातून, खऱ्या पावसात भिजत आणि शेकडो माणसांच्या खांद्याला खांदा लावून. वारकरी जग विसरत नाही. तो दिंडीत शेजाऱ्याची भाकरी खातो, त्याचे पाय चेपतो, त्याची कर्मकहाणी ऐकतो. वारीने जातिभेद संपला नाही आणि सावकारी कर्जही फिटले नाही, हे आम्ही जाणतो. वारीला क्रांती समजण्याचा भाबडेपणा आम्ही करीत नाही. पण वारीच्या वाटेवर पिण्याच्या पाण्याची, शौचालयांची, दवाखान्यांची मागणी झाली आणि शासनाला ती पुरवावी लागली, कारण तेथे लाखो माणसे एकत्र होती. चष्म्यातला माणूस एकटाच असतो. एकट्याची मागणी होत नाही, एकट्याचा मोर्चा निघत नाही. संस्कृतात ‘स्वस्थ’ म्हणजे स्वतःत स्थिर असलेला. जे विश्व माणसाला स्वतःपासून आणि सोबत्यांपासून तोडते, त्याला स्वास्थ्याचे साधन म्हणावयाचे असेल तर ‘स्वास्थ्य’ या शब्दाचा अर्थच बदलावा लागेल.

आणखी एक धोका आहे. हा चष्मा दाखवितो तसा पाहतोही. मान कशी वळली, हात कसा हलला, नजर कोठे खिळली, याची नोंद तो घेऊ शकतो. २०२० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ५११ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात, पाच मिनिटांहूनही कमी वेळेच्या हालचालींवरून यंत्राने ९५ टक्के वेळा माणूस अचूक ओळखला. रुग्णाच्या भयाची आणि दुबळेपणाची अशी नोंदवही विमा कंपनीच्या किंवा मालकाच्या हाती पडली तर काय होईल, हे सांगावयास नको. डॉक्टरला सांगितलेले गुपित डॉक्टरच्या शपथेने बांधलेले असते. कंपनीला कोणती शपथ बांधते?

म्हणून आमची भूमिका नकाराची नाही, मागणीची आहे. बारामतीच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला संलग्न रुग्णालयात आणि इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, जेथे वेदनाशमनासाठी या तंत्राचा उपयोग सिद्ध आहे तेथे, ते सार्वजनिक खर्चाने, विनामूल्य आणि प्रशिक्षित परिचारिकेच्या देखरेखीखाली उपलब्ध व्हावे. त्यातील दृश्ये आपल्या भाषेत, आपल्या विद्यापीठांत तयार व्हावीत आणि त्यांची मालकी जनतेची असावी. रुग्णाची कोणतीही नोंद रुग्णालयाच्या भिंतीबाहेर जाऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आरोग्यसेविका, समुपदेशक आणि डॉक्टर यांची रिक्त पदे या यंत्राच्या नावाने कधीही गोठविली जाऊ नयेत. कोणताही साखर कारखाना कामगारांसाठी असा चष्मा विकत घेणार असेल, तर त्याने आधी कोपीऐवजी निवारा, खाड्याऐवजी भरपगारी रजा आणि फडावर पाणी दिल्याचा हिशेब जाहीर करावा.

दुखावलेल्या माणसाला क्षणभर विसावा हवा असतो आणि तो मिळालाच पाहिजे. पण विसाव्यानंतर त्याचे डोळे उघडतात तेव्हा समोर जे जग असते, ते बदलण्याची जबाबदारी कोणत्याही यंत्रावर ढकलता येत नाही. बर्फाच्या दरीतून परतलेल्या मुलाच्या जखमेवर औषध लागलेले असले पाहिजे, जुन्या पळसदेवच्या वेशीतून परतलेल्या म्हाताऱ्याच्या नावावर जमिनीचा तुकडा असला पाहिजे आणि फडातून परतलेल्या ऊसतोड बाईला पाठ टेकण्यासाठी पक्के छप्पर असले पाहिजे. एवढे आधी करा; मग चष्म्याचे स्वागत करण्यास आम्हीही येऊ.